कोयत्यापासून कलमाच्या चाकूपर्यंत: शेतीचं प्रशिक्षण घेऊन काम कसं मिळवायचं

माझे आईवडील एकवीस हंगाम ऊसतोडीला गेले. दसरा झाला की ट्रॉलीत भांडी, पिठाचं डबडं, शेळी आणि आम्ही भावंडं. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा गाळप हंगाम संपला, की मार्च-एप्रिलात परत बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावी. बारावी झाल्यावर मीही दोन हंगाम फडात मोळ्या बांधल्या. आज मी एका फळझाडांच्या रोपवाटिकेत कलम विभागाची सुपरवायझर आहे. महिन्याच्या महिन्याला पगार खात्यात येतो आणि गेल्या दसऱ्याला माझे आईवडील गावातच होते.

या वाटेवर माझी चार वर्षं गेली. नीट सांगणारं कुणी भेटलं असतं तर दीड वर्षात झालं असतं. म्हणून हे लिहिते आहे. घरी जमीन नाही किंवा असून नसल्यासारखी आहे, शिक्षण दहावी-बारावीवर थांबलंय किंवा त्याआधीच सुटलंय, पुण्याला जाऊन खोली घेण्याइतके पैसे नाहीत, पण शेतीतलं काम हाताला माहीत आहे, अशा मुलामुलींसाठी हे आहे. उदाहरणं आमच्या मराठवाड्यातली असली तरी योजना राज्यभर त्याच आहेत.

१. आधी काम बघा, कोर्स नंतर

बहुतेक जण उलटं करतात. मीही केलं. गावात कुणीतरी सांगितलं, अळिंबीचं (मशरूमचं) फुकट प्रशिक्षण आहे, प्रमाणपत्र मिळतं. मी गेले. शिकवणारे चांगले होते, भुसा भिजवण्यापासून पिशव्या भरेपर्यंत सगळं मन लावून शिकवलं. पण आमच्या तालुक्यात धिंगरी अळिंबी खाणारं कुणी नव्हतं, ठेवायला शीतगृह नव्हतं, आणि ताजी धिंगरी दीड-दोन दिवसांत मलूल होते. अळिंबीच्या युनिटवर नोकरी म्हणावी तर जवळपास युनिटच नव्हतं. ते प्रमाणपत्र अजून पेटीत आहे. पुण्याजवळ राहणाऱ्या मुलीला तेच प्रशिक्षण पोटाला लावू शकतं, कारण तिथे हॉटेलं आहेत, गिऱ्हाईक आहे.

म्हणून पहिलं काम हे करा. तुमच्या गावापासून एसटीने तासा-दीड तासाच्या आत शेतीशी जोडलेली कोणकोणती ठिकाणं पगारावर माणसं ठेवतात, त्यांची वहीत यादी करा: रोपवाटिका, शेडनेट आणि पॉलिहाऊस, फळांची पॅकहाऊस, दूध संकलन आणि शीतकरण केंद्रं, कोंबड्यांचे शेड, ठिबकचे विक्रेते, ट्रॅक्टरची सर्व्हिस सेंटरं, बियाणं कंपन्या, डाळमिल, शेतकरी उत्पादक कंपन्या. मग दोन-तीन दिवस काढून तिथे स्वतः जा. फोनवर कुणी नीट बोलत नाही. मालक किंवा मुकादम भेटला की हे विचारा:

- वर्षात कोणत्या महिन्यांत माणसं लागतात आणि किती?
- कोणतं काम येणारा माणूस तुम्हाला मिळत नाही?
- ते काम आलं तर पगार कसा देता, रोजावर, नगावर की महिन्यावर?
- राहायची सोय आहे का?

दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मी ज्या तीन रोपवाटिकांत गेले, तिन्ही ठिकाणी एकच उत्तर मिळालं. एका मालकाने सांगितलं, "पोरी, पिशव्या भरणारे ढीग आहेत. कलम बांधणारा हात मिळत नाही." त्याच दिवशी माझा कोर्स ठरला.

तुमच्या भागात उत्तर वेगळं येईल. जालना आणि देऊळगाव राजाच्या पट्ट्यात शेडनेटमध्ये मिरची-टोमॅटोच्या संकरित बियाण्याचं काम चालतं, तिथे क्रॉसिंग, म्हणजे हाताने परागीकरण, करणारे हात लागतात. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाची एप्रिल आणि ऑक्टोबर छाटणी, थिनिंग (मणी विरळ करणं), डिपिंग (घड द्रावणात बुडवणं) आणि हंगामात पॅकहाऊस. तळेगाव-मावळात गुलाबाची पॉलिहाऊस. सांगोल्याकडे डाळिंब. जिथे ठिबक जास्त आहे तिथे फिल्टर, व्हेंच्युरी (पाण्यातून खत सोडायचं साधन), लॅटरल (ठिबकच्या नळ्या) दुरुस्त करणारा पोरगा वर्षभर कामात असतो.

२. कुठलं दार कोणासाठी

नावं ऐकून गोंधळ होतो, म्हणून मला जसं उमगलं तसं सांगते.

*आरसेटी.* ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. जिल्ह्याची अग्रणी बँक ती चालवते. कर्नाटकातल्या उजिरे गावी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संस्थेच्या धर्तीवर या निघाल्या. शेळीपालन, दुग्धव्यवसाय आणि गांडूळखत, कुक्कुटपालन, रोपवाटिका असे काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंतचे कोर्स असतात. राहणं-जेवण धरून सगळं मोफत. दारिद्र्यरेषेखालच्या घरांतल्या मुलांना प्राधान्य असतं. कोर्सनंतर दोन वर्षं ते तुमची विचारपूस करतात आणि कर्जाच्या अर्जात मदत करतात. नाव स्वयंरोजगाराचं असलं तरी तिथे शिकून नोकरी धरणारेही आहेत. गरीब घरातल्या मुलाने पहिली चौकशी इथे करावी असं माझं मत आहे.

*कृषी विज्ञान केंद्र, म्हणजे केव्हीके.* देशातलं पहिलं १९७४ मध्ये पुदुच्चेरीला निघालं, आता जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात एक आहे, काही जिल्ह्यांत दोन. बीडमध्ये अंबाजोगाईला आहे. इथे शेतकऱ्यांसोबत ग्रामीण युवकांसाठीही वेगळी प्रशिक्षणं असतात. केव्हीकेचं बळ म्हणजे तिथले प्रात्यक्षिकाचे प्लॉट आणि शास्त्रज्ञ. तिथे नोकरी लावून देणारा विभाग नसतो, पण कोणत्या शेतकऱ्याला, कोणत्या रोपवाटिकेला माणूस हवा हे त्यांना ठाऊक असतं. शिकून झाल्यावरही अधूनमधून तिथे जात राहा.

*दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना.* २०१४ पासून. आपल्याकडे 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानामार्फत चालते. १५ ते ३५ वय, महिलांना आणि काही वंचित गटांना ४५ पर्यंत सवलत. निवासी, मोफत, आणि शेवटी नोकरी देणं हा योजनेचाच भाग. ज्यांच्या घरी बचत गट आहे, अंत्योदय कार्ड आहे किंवा ज्यांनी आदल्या वर्षी रोजगार हमीवर किमान १५ दिवस काम केलंय, ती घरं यात बसतात. शेतीतले कोर्स सगळीकडे नसतात, तुमच्या जिल्ह्यात कोणती बॅच आहे ते उमेदच्या तालुका कक्षात विचारा.

*प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना.* इथे शेतीचे कोर्स भारतीय कृषी कौशल्य परिषदेच्या अभ्यासक्रमाप्रमाणे असतात: माळी, हरितगृह चालक, सूक्ष्म सिंचन तंत्रज्ञ, ट्रॅक्टर चालक वगैरे. केंद्र चांगलं असेल तर फार उपयोगी आहे. सगळं केंद्रावर अवलंबून असतं, त्यामुळे पाचवा मुद्दा नीट वाचा.

*आयटीआय.* मेकॅनिक ट्रॅक्टरचा एक वर्षाचा ट्रेड. दहावी झालेल्या आणि मशीनची आवड असलेल्या मुलाने याचा विचार करावा. मुलींनीही करावा.

*विशेष संस्था.* मधमाशीसाठी पुण्यातली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था, अळिंबीसाठी पुण्याचं कृषी महाविद्यालय, पॉलिहाऊससाठी तळेगाव दाभाडेची काढणीपश्चात तंत्रज्ञान संस्था. यातल्या काहींना फी असते.

याशिवाय बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी), महाज्योती (ओबीसी, भटके-विमुक्त) आणि आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आपापल्या समाजघटकांच्या मुलांसाठी कौशल्य प्रशिक्षणं काढतात. काहींत विद्यावेतनही असतं. जाहिरात अचानक येते आणि मुदत थोडी असते, म्हणून कागद आधीच तयार हवेत.

३. उचल घेण्याआधी तारखा विचारा

हा मुद्दा सरकारी माहितीपत्रकात सापडणार नाही. आमच्याकडे ऊसतोडीचा मुकादम पावसाळ्यात उचल, म्हणजे हंगामाच्या मजुरीची आगाऊ रक्कम, वाटतो. घरात पैसा एकदा आला की दवाखाना, बियाणं, जुनं देणं यात जातो, आणि दसऱ्यानंतर कोयता उचलावाच लागतो. माझी पहिली बॅच अशीच हुकली. नाव लागलं होतं, कागद दिले होते, आणि वडिलांनी माझ्यासकट दीड कोयत्याची (जोडी म्हणजे एक कोयता, एकटी मी म्हणजे अर्धा) उचल आधीच घेतली होती. वडिलांचं चुकलं असं मला वाटत नाही. बॅच नोव्हेंबरात आहे हे मीच त्यांना सांगितलं नव्हतं.

तर जून महिन्यातच आरसेटी, केव्हीके आणि उमेदच्या कार्यालयात जाऊन वर्षभराचं प्रशिक्षणाचं वेळापत्रक विचारा. आरसेटी आणि केव्हीके वर्षाचं नियोजन आधी करतात, फळ्यावर लावलेलं असतं किंवा मागितलं की दाखवतात. मग घरात बसून बोला. तुमच्या नावाची उचल घेऊ नका, असं मुकादम येण्याआधी सांगा. एक हात कमी झाल्यावर घरचं कसं भागेल याचा हिशेबही सोबत मांडा, कारण आईबाप तोच प्रश्न विचारतात. मी सांगितलं होतं की कोर्स दीड महिन्याचा आहे, जेवण तिथेच आहे, आणि फेब्रुवारीपासून मला रोज मिळेल. आई ऐकून घेत होती, वडील उठून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "जा."

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. कोयता जोडीने लागतो, म्हणून हंगामाच्या तोंडावर लग्नं उरकली जातात. प्रशिक्षणाचं पत्र हातात असेल तर घरात ते लांबवण्यासाठी बोलायला आधार मिळतो. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न असंच तीन वर्षं पुढे गेलं, आता ती नर्सिंग करते.

४. कागद, आणि ते दसऱ्याच्या आत

आईवडील एकदा कारखान्यावर गेले की त्यांची सही, त्यांचं आधार, रेशनकार्ड सगळं दोनशे किलोमीटर लांब जातं. म्हणून ही यादी सप्टेंबर संपायच्या आत पुरी करा:

- आधार कार्ड, चालू मोबाइल नंबर जोडलेला
- शाळा सोडल्याचा दाखला आणि शेवटची गुणपत्रिका
- रेशनकार्ड, त्यात तुमचं नाव असलेलं
- उत्पन्नाचा दाखला
- जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रीमीलेअर
- वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र
- स्वतःच्या नावाचं बँक खातं, आधारशी जोडलेलं
- रोजगार हमीचं जॉबकार्ड, घरात असेल तर
- ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र, ग्रामसेवकाकडून
- पासपोर्ट आकाराचे आठ-दहा फोटो

कागद अडतात ते बहुतेक तीन जागी.

पहिली जागा, नाव. माझ्या दाखल्यावर वडिलांचं नाव 'ज्ञानोबा', आधारवर 'ज्ञानदेव'. हजेरी आधारवर घेतात, प्रमाणपत्र आधारच्या नावाने येतं, आणि पुढे कर्जाला दाखला लागतो, तिथे दोन्ही जुळत नाहीत. आधारमधली दुरुस्ती आधी करा, त्याला दिवस लागतात.

दुसरी, उत्पन्नाचा दाखला. तो ३१ मार्चपर्यंतच चालतो. फेब्रुवारीत काढला तर दोन महिन्यांत संपतो. तलाठ्याचा अहवाल लागतो, म्हणून आधी तलाठी, मग सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्र. पावतीवरचा अर्ज क्रमांक वहीत लिहून ठेवा.

तिसरी, बँक खातं. पासबुक आहे म्हणजे झालं असं नसतं. विद्यावेतन आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होतं. दोन खाती असतील तर ते जुन्या, बंद पडलेल्या खात्यात जाऊ शकतं. बँकेत जाऊन 'माझं आधार कोणत्या खात्याला जोडलंय' एवढंच विचारा.

ज्यांची शाळा दर वर्षी मधेच सुटत होती, त्यांना अधिवासासाठी राज्यातल्या वास्तव्याचे पुरावे गोळा करायला त्रास होतो, विशेषतः कर्नाटकातल्या कारखान्यांवर जाणाऱ्या घरांतल्या मुलांना. शाळेचा बोनाफाईड, लसीकरणाचं कार्ड, जुनं रेशनकार्ड, जे सापडेल ते जपून ठेवा.

५. नाव घालण्याआधी केंद्रावर जाऊन बघा

फोटो बघून किंवा एजंटच्या सांगण्यावरून जाऊ नका. मला एकाने 'जागा राखून ठेवतो' म्हणून तीन हजार मागितले होते. मी दिले. योजना मोफत होती हे नंतर कळलं, पैसे परत मिळाले नाहीत. मोफत योजनेत नोंदणी फी, परीक्षा फी, ड्रेसचे पैसे असं काही मागितलं तर पावती मागा. पावती द्यायला टाळाटाळ झाली की तिथून निघा.

केंद्रावर गेल्यावर हे डोळ्यांनी बघा: प्रात्यक्षिकाला जमीन, शेड किंवा यंत्र आहे का? शेतीचा कोर्स आणि सगळं चालतं दुमजली इमारतीतल्या प्रोजेक्टरवर, अशी केंद्रं मी पाहिली आहेत. मग विचारा:

- रोज किती तास वर्ग आणि किती तास हाताने काम?
- मागच्या बॅचमधले कुठे कामाला लागले? दोघांशी बोलता येईल का?
- मूल्यमापन कोण करतं, केव्हा?
- मूळ कागदपत्रं ठेवून घेता का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर देऊ नका. मूळ दाखला बघायला द्यायचा आणि परत घ्यायचा, जमा करायची ती झेरॉक्स. माझ्या एका मैत्रिणीचा दाखला एका केंद्रात आठ महिने अडकला आणि त्यात तिचा आयटीआयचा प्रवेश गेला.

मुलींनी राहण्याची जागा दिवसा आणि अंधार पडल्यावर, दोन्ही वेळा बघावी. वॉर्डन बाई आहे का, ती रात्री तिथेच राहते का, स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, पाणी रात्री असतं का. आईला सोबत घेऊन जा. तिने एकदा जागा पाहिली की घरातला निम्मा विरोध संपतो.

६. प्रशिक्षणातले दिवस

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण नोकरी इथेच मिळते.

आमच्याकडे केशर आंब्याचं मृदुकाष्ठ कलम शिकवायला एक वयस्कर मामा होते. पहिले दोन दिवस त्यांनी आम्हाला रोपाला हात लावू दिला नाही. छाटणीत निघालेल्या काड्यांचा ढीग समोर टाकला आणि नुसते काप घ्यायला लावले. चाकू एकाच ओढीत फिरला पाहिजे. दोनदा फिरला तर काप सपाट येत नाही, आत फट राहते, फटीत पाणी शिरतं आणि कलम काळं पडतं.

काडी, म्हणजे चांगल्या झाडावरून कलमासाठी घेतलेली फांदी, पेन्सिलीच्या जाडीची घ्यायची, शेंड्याचा डोळा फुगलेला पण न फुटलेला. तिची पानं आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून कापलेली असतात, म्हणजे अन्नरस डोळ्यात साठतो. बुडाला दोन्ही बाजूंनी पाचरीसारखा दीड इंचाचा काप. खुंटाचा, म्हणजे मुळं असलेल्या खालच्या रोपाचा, शेंडा छाटून मधोमध तेवढीच खाच. पाचर खाचेत बसवताना निदान एका बाजूला साल सालीला भिडली पाहिजे. काडी खुंटापेक्षा बारीक असेल आणि आपण ती मधोमध बसवली, तर दोन्हीकडची साल सुटते आणि कलम मरतं. नव्याने शिकणारे हमखास इथे चुकतात. मग प्लॅस्टिकची पट्टी खालून वर बांधत न्यायची, कौलांसारखी, म्हणजे पाणी ओघळून जातं. वर छोटी प्लॅस्टिकची टोपी. पंधरा-वीस दिवसांत तांबूस कोंब टोपीला टेकला की टोपी काढायची.

माझ्या पहिल्या शंभर कलमांतली एकतीस जगली. दुसऱ्या शंभरात अठ्ठावन्न. कोर्स संपताना ऐंशीच्या वर गेली. हे मला आठवतंय, कारण मामांनी वही ठेवायला लावली होती: तारीख, खुंटाचं वय, किती बांधली, किती जगली, मेली ती का मेली. तुमचा कोर्स कोणताही असो, अशी वही ठेवा. मिरचीची रोपं असतील तर किती कपांचा ट्रे, किती बिया टाकल्या, किती उगवल्या, मर कधी लागली, कशाची आळवणी केली. शेळीपालन असेल तर वजनं, लसीच्या तारखा, चारा किती. ठिबक असेल तर कोणत्या फिल्टरला किती दाब होता आणि कचरा कुठे अडकला.

दोन सवयी आणखी. रोज एक नवा शब्द शिका, कारण बाजारात माणूस भाषेवरून ओळखतात. ईसी, पीएच, कोकोपीट, हार्डनिंग, मातृवृक्ष हे शब्द अर्थासकट माहीत हवेत. आणि सुट्टीच्या दिवशी घरी न जाता केंद्राजवळच्या एखाद्या रोपवाटिकेत किंवा गोठ्यात फुकट का होईना, चार तास काम करा. मी तसं केलं, आणि पुढची नोकरी तिथल्याच ओळखीतून लागली.

७. मूल्यमापन

कौशल्य योजनेत परीक्षा बाहेरचा माणूस घेतो. लेखी भाग बहुधा मोबाइल किंवा टॅबवर, प्रात्यक्षिक समोर. हजेरी कमी असेल तर बसू देत नाहीत, आणि हजेरी अंगठ्यावर असते. कोयत्याने, चाकूने अंगठ्याची रेघ झिजलेल्यांची हजेरी यंत्र घेत नाही. तसं झालं तर पहिल्याच दिवशी लेखी तक्रार द्या आणि आधार केंद्रात बोटांचे ठसे नव्याने द्या. शेवटच्या आठवड्यात ऐकून घेणारं कुणी नसतं.

नापास झालात तर पुन्हा परीक्षेची संधी विचारा. प्रमाणपत्र ऑनलाइन येतं, डिजिलॉकरमध्ये ठेवा आणि दोन रंगीत प्रती काढा.

८. काम मागायला जाताना

पहिल्या मुद्द्यातली यादी आठवते? तिथेच परत जायचं. फळझाडांच्या रोपवाटिकांना माणसं लागतात ती पावसाच्या तोंडावर, कारण जून ते ऑगस्ट विक्री आणि पावसाळ्यात आंब्याची कलमं. म्हणजे एप्रिल-मे, नेमका पट्टा पडून गावी यायचा काळ. प्रमाणपत्र घेऊन जाच, पण आधी वही दाखवा. माझ्या मालकांनी प्रमाणपत्राकडे पाहिलंही नाही. वहीतली मेलेल्या कलमांची पानं उलटत राहिले आणि म्हणाले, "पन्नास बांधून दाखव." महिनाभराने त्यांतली त्रेचाळीस उभी होती.

बोलणी करताना लाजू नका. रोजावर की नगावर? नगावर असेल तर जगलेल्या कलमाचे पैसे की बांधलेल्या? पावसाने काम थांबलं तर? भविष्य निर्वाह निधी कापतात का? पगार खात्यात द्या म्हणा, म्हणजे पुढे कर्जाला बँकेचा उतारा दाखवता येतो. असंघटित कामगारांसाठीच्या ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करून ठेवा.

२०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. १८ ते ३५ वयाच्या मुलांना आस्थापनेत काम शिकताना महिन्याला विद्यावेतन: बारावी झालेल्यांना ६,०००, आयटीआय-पदविकावाल्यांना ८,०००, पदवीधरांना १०,००० रुपये. नोंदणी महास्वयं पोर्टलवर. आस्थापनाही नोंदणीकृत लागते, त्यामुळे छोटी रोपवाटिका यात बहुधा नसते. बियाणं कंपनी, साखर कारखाना, दूध संघ, कृषी कार्यालयं इथे विचारा.

आणि फवारणी. नव्या माणसाच्या गळ्यात पहिल्या दिवशी पंप अडकवतात. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. बाटलीवरचा त्रिकोण बघायला शिका: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे मिळाल्याशिवाय, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने किंवा उपाशीपोटी फवारू नका. मळमळ, डोळ्यांसमोर अंधारी, घाम सुटला तर लगेच दवाखाना, आणि बाटली सोबत न्या, डॉक्टरांना औषधाचं नाव लागतं. याबद्दल बोललात म्हणून कुणी कामावरून काढत असेल तर ते काम सोडा.

९. स्वतःचा धंदा, पण थोडं थांबून

दोन वर्षं तरी दुसऱ्याकडे काम करा असं मी सांगेन. गिऱ्हाईक कोण, उधारी किती बुडते, कोणत्या महिन्यात हात रिकामे असतात, हे पगारावर असतानाच शिकता येतं.

कर्जासाठी राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे, २०१९ पासून, आणि केंद्राचा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम. दोन्हींत प्रकल्पाच्या १५ ते ३५ टक्के अनुदान, ग्रामीण भागातल्या महिला आणि राखीव गटांना वरचा दर. त्यांचा स्वतःचा वाटा ५ टक्के, खुल्या गटातल्यांचा १० टक्के. चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात. नुसतं पीक घेणं यात बसत नाही, पूरक आणि प्रक्रिया उद्योग बसतात. लोणची, डाळ, मसाला, गूळ असं काही करायचं असेल तर २०२० ची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना बघा, ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख. आरसेटीचं प्रमाणपत्र बँकेत इथे खरं कामी येतं.

एक गैरसमज आमच्याकडे फार आहे, की अनुदान म्हणजे हातात रोख. रोजगार निर्मितीच्या योजनांत ते बँकेत तुमच्या नावाने तीन वर्षं ठेव म्हणून राहतं आणि धंदा चालू राहिला तरच कर्जात वळतं होतं. 'अनुदान मिळवून देतो, निम्मे माझे' म्हणणाऱ्या माणसाला घरात घेऊ नका.

जमीन नसेल तर अर्ज भरण्याआधी अटी वाचा. शेडनेट आणि रोपवाटिकेच्या बऱ्याच योजनांना स्वतःच्या नावाचा सातबारा लागतो. बचत गटाच्या नावाने किंवा नोंदणीकृत भाडेकराराने चालतं का ते तालुका कृषी कार्यालयात विचारा, तोंडी उत्तरावर थांबू नका, नियमाचं पान दाखवायला सांगा.

फळझाडांची रोपं विकायला परवाना लागतो, महाराष्ट्रात १९६९ पासून त्याचा कायदा आहे. कलमाची काडी कोणत्या मातृवृक्षाची, म्हणजे कोणत्या मूळ झाडावरून घेतलेली, हे तिथे विचारतात, आणि मातृवृक्ष नसेल तर गाडी अडते. म्हणून मी आधी झाडं लावली आहेत. माझ्या सख्ख्या मामाच्या पाच गुंठ्यांत केशरची दहा, छत्रपती संभाजीनगरच्या हिमायतबागेतल्या फळ संशोधन केंद्रातून पावतीसह आणलेली. काड्या घेण्याजोगी व्हायला अजून चार वर्षं आहेत. तोवर माझी नोकरी चालू आहे, आणि दिवाळीत घरी असलेले वडील रोज सकाळी त्यांना पाणी घालतात.